कपाटावरचं कुंकू

मला एम.एस्सी.ला बसवलं माझ्या बायकोनं. पंचेचाळिशी उलटलेली, नांदेडात टायपिंग आणि कॉम्प्युटर क्लासचं दुकान, डोक्यावर नावापुरते केस, आणि हौशी नाटकांतून राजा, पाटील आणि फौजदार एवढीच कामं करत आलेला माणूस मी. अभ्यास माझ्या आयुष्यातून केव्हाच विंगेत निघून गेला होता. पण एका रविवारी बायकोचा धाकटा भाऊ जेवायला आला आणि भाकरीचा तुकडा हातात धरून नुसता बसून राहिला.

"दाजी, डोकी कमी पडून राहिलीत," तो म्हणाला.

हा माझा मेव्हणा एका कॉलेजात संगणकांचं नेटवर्क आणि माहितीची सुरक्षा शिकवतो. शिकवतो तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर सर आणि नाही घेतला तर रस्त्यावरचा कोणीही. आमच्याकडची हुशार पोरं डॉक्टर व्हायला लातूरच्या क्लासला जातात, उरलेली पुण्याला जातात, आणि त्यातूनही उरलेली ह्याच्याकडे येतात. त्या वर्षी तेवढीही आली नव्हती. डोकी भरली नाहीत तर अभ्यासक्रम बंद होणार होता.

"डोक्यात काही असायची अट आहे का?" मी विचारलं.

"न्हाई. फक्त बी.एस्सी. पायजे."

बी.एस्सी. माझ्याकडे होती. लोखंडी पेटीत, लग्नाच्या पत्रिकेखाली. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "घ्या की ॲडमिशन. नाहीतरी दुकानात माश्याच मारून राहिलेत." भूमिका मिळाली की मी नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थी झालो.

पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो तर दोन रांगांत जुने संगणक मांडलेले, प्रत्येकाच्या अंगावर प्लास्टिकचं कव्हर, आणि एकही दुसऱ्याला जोडलेला नाही. जोडणारं यंत्रच कॉलेजात नव्हतं. नेटवर्क शिकवायच्या खोलीत कोणाची कोणाशी बोलचाल नाही! मला क्षणभर वाटलं, आमच्या भाऊबंदांच्या वाड्यावरच आलो की काय. संगणकावर खोटं नेटवर्क मांडून दाखवणारा एक प्रोग्राम फुकट मिळतो, पण आमच्या यंत्रांवर तो उघडेपर्यंत तास संपायचा.

म्हणून मेव्हण्यानं स्वतःची पद्धत काढली होती. ती मी पाहिली आणि नाटकवाला म्हणून मनातल्या मनात त्याला दंडवत घातला.

तो पोरांनाच संगणक करायचा. प्रत्येकाच्या शर्टाला टाचणीनं एक नंबर लावायचा, तो त्याचा पत्ता. खिडकीकडची बाकं म्हणजे एक नेटवर्क, भिंतीकडची बाकं म्हणजे दुसरं. दोन्हींच्या मधे दाराजवळ एक लाकडी स्टूल, त्यावर बसणारा तो राउटर. खिडकीकडच्या पोरानं चिठ्ठीवर मजकूर लिहायचा, तिचे चार तुकडे करायचे, तुकड्यांवर आकडे घालायचे आणि हातोहात पाठवायचे. राउटरनं पत्ता बघून तुकडा पलीकडे द्यायचा. पलीकडच्यानं तुकडे जुळवायचे, आणि एखादा आला नसेल तर ओरडायचं, "तिसरा न्हाई मिळाला, परत धाडा!" शेजारच्या वर्गातले संख्याशास्त्राचे सर रोज येऊन दार लावून जायचे.

मला काम दिलं चोराचं. दोन बाकांच्या मधे उभं राहायचं आणि येणारी-जाणारी चिठ्ठी वाचायची. ह्या भूमिकेसाठी मी जन्माला आलो होतो! मी चिठ्ठ्या नुसत्या वाचल्या नाहीत, बदलल्यासुद्धा. एकानं मित्राला लिहिलं, "डब्यात वांगं आहे." मी त्याचं "डब्यात बिर्याणी आहे" केलं आणि मधल्या सुट्टीत तिथं खरोखर हातघाई झाली. मग मेव्हण्यानं दुसऱ्या दिवशी कुलपं आणली. ज्याला गुप्त निरोप हवा त्यानं आपली उघडी कुलपं वर्गभर वाटून ठेवायची आणि किल्ली खिशात. निरोप धाडणाऱ्यानं तो स्टीलच्या डब्यात घालून त्यातलं एक कुलूप दाबून टाकायचं. आता उघडू शकणार तो फक्त किल्लीवाला. मी डबा हलवून बघितला, कानाला लावला, वास घेतला. काही उपयोग झाला नाही. वर्ग खदाखदा हसला, आणि ज्या गोष्टीवर जगातल्या सगळ्या बँका चालतात ती मला एका तासात समजली.

राउटरच्या स्टुलावर कायम बसायची हिमायतनगरची एक मुलगी. शेतकऱ्याच्या घरातली, चष्मेवाली, कमी बोलणारी, आणि मला काका म्हणणारी. कुठल्या पत्त्याची चिठ्ठी कुठं जाणार हे तिला चिठ्ठी हातात यायच्या आधी कळायचं. एकदा ती हैदराबादला नोकरीच्या मुलाखतीला जाऊन आली आणि आम्ही तिला घेरलं.

"काय विचारलं?"

"राउटर कसा लावतात ते. मी सगळं सांगितलं. वायरींच्या रंगासकट."

"मग?"

"मग ते म्हणले, कधी हात लावलाय का राउटरला? मी म्हणलं, सर, मीच राउटर हाय."

आम्ही बाकांवर हात आपटून हसलो. तीही हसली. ती हसून झाल्यावर चष्मा काढून पुसत बसली, आणि तो पुसून झाला तरी पुसतच राहिली. "ते पण असेच हसले, काका," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून मेव्हण्याला दुसरं काही सुचेना. प्रयोगशाळेसाठी खरं सामान घ्या, असा अर्ज तो दर वर्षी देत होता आणि दर वर्षी प्राचार्य "बघू" म्हणत होते. आता तो प्राचार्यांच्या दाराबाहेर उभाच राहायला लागला. "दाजी," मला म्हणायचा, "एक राउटर आन् संगणक जोडायला दोन स्विच. बस. पोरांच्या हाताला एकदा खरं यंत्र लागू दे. मग मला काढून टाकलं तरी चालंल."

आणि मग बातमी आली, की अभ्यासक्रम तपासायला समिती येणार.

मेव्हणा आनंदानं वेडा व्हायचा राहिला. समितीला सामान दाखवावं लागणार, म्हणजे ते घ्यावं लागणार. प्राचार्यांनी त्याला बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "सामानाची काळजी सोडा. येऊन राहिलंय."

"कुठून, सर?"

"लातूरहून. आपल्या व्याह्यांच्या कॉलेजातून. दोन-चार दिवसांसाठी."

प्राचार्यांची लेक लातूरला दिली आहे, आणि तिचे सासरे तिथल्या एका कॉलेजाचे प्राचार्य आहेत. लेकीबरोबर एवढं मोठं नेटवर्क जोडलं गेलंय हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मेव्हण्याचा चेहरा उतरला. मग त्यानंच स्वतःची समजूत घातली. समिती पसंत करील, अभ्यासक्रम टिकेल, आणि मग स्वतःचं सामान मागायला तोंड राहील.

चाकूर, अहमदपूर, लोहा करत छोटा हत्ती टेम्पो आला. आत वाकळीत गुंडाळलेलं, सुतळीनं करकचून बांधलेलं माणसाएवढं लोखंडी कपाट. त्याला रॅक म्हणतात, पण आमच्याकडे शेवटपर्यंत सगळे कपाटच म्हणाले. पुढं काचेचं दार, आत राउटर, त्याखाली दोन स्विच, त्याखाली चोरांना अडवणारा फायरवॉल. सगळं कसं कोरं करकरीत. फक्त कपाटाच्या कपाळावर वाळलेल्या कुंकवाचं बोट आणि त्याला चिकटलेला एक तांदूळ.

समितीपुढचा देखावा बसवायचं काम अर्थातच माझ्याकडे होतं. दिग्दर्शक म्हणून मी पहिली सूचना केली, "ते कुंकू पुसा. हे आपलं कपाट आहे ना? मग आधीच पूजा झालेली कशी?"

शिपाई मामा दोन पावलं मागं सरले. "लावलेलं कुंकू पुसत नसतेत साहेब. मी न्हाई पुसणार."

"सर, तुम्ही पुसा."

प्राचार्यांनी हात मागं घेतला. मी ऑफिसातल्या बाईंकडे बघितलं, बाईंनी छताकडे. मेव्हण्याला म्हणालो, तू तर विज्ञानाचा माणूस. तो म्हणाला, "दाजी, घरी आई हाय माझी." आणि मला स्वतःला विचाराल, तर मीही खिशातला रुमाल बाहेर काढला आणि परत आत ठेवला. शेवटी तडजोड झाली. जुनं तसंच राहू द्यायचं, त्याच्या वर आपलं नवं लावायचं. प्राचार्यांनी ठसठशीत बोट ओढलं. नारळ ते कपाटावरच फोडणार होते, पण मेव्हणा काचेच्या दारापुढे हात पसरून उभा राहिला. "उंबऱ्यावर फोडा सर, पाया पडतो, पाणी आत जाईल!"

मग त्यानं वायर लावली आणि बटण दाबलं.

आधी पंखा घरघरला. मग एकेक दिवा लागत गेला, काही हिरवे, काही पिवळे. पोरं बाकं सोडून पुढं सरकली. मेव्हण्यानं राउटरला संगणक जोडला. पडद्यावर भराभर ओळी धावल्या आणि एका प्रश्नावर येऊन थांबल्या. मेव्हणा तो प्रश्न वाचत राहिला. पुन्हा वाचला. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाला, "दाजी, हे यंत्र विचारून राहिलंय, सुरुवातीची मांडणी करायची का म्हणून. हा प्रश्न ते पहिल्यांदा चालू झाल्यावरच विचारतं."

"म्हणजे?"

"म्हणजे ह्याला जन्मात कोणी चालू केलेलं न्हाई."

स्टुलावरची मुलगी पुढं आली होती. त्यानं खुर्ची सोडली आणि तिला बसवलं. लहान पोरीनं फ्रॉकला पुसावीत तशी तिनं बोटं ओढणीला पुसली आणि टंकायला लागली. एकही आज्ञा तिनं कशात बघून लिहिली नाही. मधूनमधून ओठ हलत होते, एवढंच. खिडकीकडचे संगणक एका नेटवर्कात गेले, भिंतीकडचे दुसऱ्यात. मग तिनं इकडून तिकडे हाक मारली, आणि तिकडून उत्तर आलं. पडद्यावर चार ओळी. ती ओरडली, "आलं! चारही आले!" पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. मेव्हणा भिंतीकडे तोंड करून वायरी नीट करत होता. वायरी आधीच नीट होत्या.

समिती येईपर्यंतचे ते दिवस मी विसरणार नाही. माणसं जेवायची विसरली. प्रत्येक पोरानं राउटर मांडला, मोडला, परत मांडला. मलाही खऱ्या चोराचं काम मिळालं. वायरीतून जाणारा निरोप पकडणारा प्रोग्राम मेव्हण्यानं मला लावून दिला, आणि उघडा निरोप पडद्यावर जसाच्या तसा दिसला. कुलूप घातल्यावर नुसता अक्षरांचा चिवडा. मी टाळ्या वाजवल्या. चोर स्वतःच्या फजितीवर टाळ्या वाजवतो असा प्रवेश मी कुठल्याच नाटकात केला नव्हता.

समिती आली तेव्हा सगळं तयार होतं. मुलगी संगणकापुढे, मी चोर म्हणून कोपऱ्यात, मेव्हणा इस्त्रीच्या शर्टात कपाटाशेजारी. समितीचे अध्यक्ष वयस्कर, जाकीटवाले, सावकाश चालणारे. प्राचार्य त्यांना कपाटापर्यंत घेऊन आले. "हे आमचं नेटवर्क."

अध्यक्षांनी चष्मा चढवला. ते कपाटाच्या आत बघत नव्हते. ते कपाळाकडे बघत होते. बघता बघता त्यांनी बोट पुढं केलं.

"ह्यातलं खालचं कुंकू माझ्या हातचं हाय."

रंगमंचावर मिशी निघून पडते तेव्हा जशी शांतता होते, तशी झाली. फक्त पंखा घरघरत होता. मेव्हण्याकडे मी बघितलं, तर आश्चर्य म्हणजे त्याचा चेहरा उजळला होता! मला त्याच्या मनातलं कळलं. सोंग उघडं पडलं, आता समिती लिहील की इथं काही नाही, आणि मग कॉलेजला सामान घ्यावंच लागेल. जन्मात पहिल्यांदा पकडलं गेल्याचा त्याला आनंद झाला होता.

अध्यक्ष हसायला लागले. "लातूरला उद्घाटन मीच केलं न्हवं का ह्याचं. चालतंय, चालतंय. आपलंच लेकरू हाय. मामाच्या गावाला आलंय."

सगळे हसले. प्राचार्य सगळ्यात मोठ्यानं.

"सर, एकदा चालवून दाखवते," मुलगी म्हणाली. तिचा हात कळफलकावरच होता. अध्यक्ष पडद्याकडे वाकले. चारही उत्तरं आली. "वा, वा. हिरवे दिवे लई छान दिसून राहिलेत," ते म्हणाले आणि प्राचार्यांकडे वळले, "जेवायची व्यवस्था कुठं केली?"

अभ्यासक्रम टिकला. समितीनं प्रयोगशाळा सुसज्ज असल्याचं लिहून दिलं. प्राचार्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि तो पेढा हातात तसाच धरून मेव्हणा त्यांच्या खोलीत गेला. मी दारात उभा होतो.

"सर, आता आपलं सामान घ्यायचं तेवढं बघा."

"कोणतं सामान?"

"राउटर आन् दोन स्विच. माझा अर्ज हाय."

प्राचार्य खरोखरच गोंधळलेले दिसले. माणूस वाईट नाही. "अहो सर, समितीनं सुसज्ज म्हणून लिहून दिलंय. आता सुसज्ज प्रयोगशाळेला सामान मागायचं म्हणजे समितीला खोटं पाडायचं का?"

"पण कपाट उद्या लातूरला चाललंय."

"जाऊ द्या की. पुढच्या वेळी परत येईल. व्याह्यांचंच हाय."

बाहेर येऊन पेढा मेव्हण्यानं माझ्या हातात ठेवला. समितीनं नापास केलं असतं तर त्याला आशा राहिली असती. आमचं नाटक रंगलं आणि त्यातच तो बुडाला. आणि ते मी बसवलेलं होतं, झकास बसवलेलं.

कपाट पोचवायला आम्ही दोघंच गेलो. लोह्याला भजी घेतली, पण तो वाकळीला धरून मागंच बसून राहिला, लग्नाहून परतणाऱ्या करवलीसारखा. लातूरच्या कॉलेजात हाच विषय शिकवणारे एक सर आमची वाट बघत होते. तेही तासिकेवरचे. मेव्हण्यापेक्षा थोडे लहान, थोडे जास्त पिकलेले. कपाट जागेवर उभं केलं, त्यांनी काचेच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली शिपायाकडे दिली. मग इकडेतिकडे बघून विचारलं, "सर, तुम्ही चालू केलं व्हतं का हे?"

"हाव."

"आवाज करतं का?"

"पंखा घरघरतो."

"दिवे?"

"हिरवे. पिवळे पण."

त्यांनी मान डोलावली. कोणी परदेश फिरून आल्यावर आपण ऐकतो तसं ते ऐकत होते. "आमच्याकडं चालू करायला परवानगी न्हाई. बिघडलं तर समितीला काय दाखवणार?"

मेव्हणा म्हणाला, "सर, मी त्याला पासवर्ड घातलाय. सुरक्षा शिकवतो, मोकळं सोडवलं न्हाई. चांगला अवघड हाय. तुम्हाला सांगून ठेवतो."

लातूरचे सर हसले. हसणं कसलं, नुसता श्वास सोडला. "राहू द्या सर. कोणाला लागणार हाय?"

सांगायला निघालेला शब्द मेव्हण्यानं परत गिळला. त्याच्या विषयात जेवढी म्हणून सुरक्षा शिकवतात, तेवढी सगळी त्या कपाटाला एकदम मिळाली होती. काच, कुलूप, पासवर्ड, आणि कोणालाही त्याच्या आत जायचं नव्हतं.

निघताना लातूरच्या सरांनी त्याला थांबवलं. "तुमच्याकडं पोरं चिठ्ठ्यांचा खेळ करतेत म्हणं. मला दाखवाल का?" मेव्हण्यानं खिशातला कागद काढला, चार तुकडे केले आणि त्या बंद कपाटापुढे उभं राहून त्यांना खेळ शिकवला. ते सर फार मन लावून शिकले.

पुढच्या सोमवारी आमचा तास होता. प्रयोगशाळेत कपाट होतं तिथं फरशीवर चार पायांचे ठसे होते आणि थोडं सांडलेलं कुंकू. मेव्हणा चिठ्ठ्या, टाचण्या आणि कुलपं घेऊन आला. नंबर वाटले. पोरं खिडकीकडे आणि भिंतीकडे जाऊन बसली.

"राउटर," त्यानं हाक मारली.

हिमायतनगरची मुलगी उठली नाही.

"चल की ग," मी म्हणालो, "तुझ्याशिवाय चिठ्ठी पुढं सरकते का? सगळा देश ठप्प."

"काका, मला तिथं आता बसवत न्हाई," ती म्हणाली. रागानं नाही. लाजल्यासारखी. "खरं बघितलंय आता."

मेव्हण्यानं तिला आग्रह केला नाही. दुसऱ्या कोणाला सांगितलंही नाही. हातातली कुलपं त्यानं टेबलावर ठेवली आणि स्वतः जाऊन दाराजवळच्या त्या स्टुलावर बसला. इस्त्रीचा शर्ट होता, समितीच्या दिवशीचा. शर्टाला नंबर टाचून घेतला, दोन्ही हात पुढं केले, एक खिडकीकडे, एक भिंतीकडे, आणि म्हणाला, "धाडा."

मी माझ्या जागी उभा होतो, दोन बाकांच्या मधे, चोर म्हणून, चिठ्ठी हाताला लागायची वाट बघत. कोणी काही धाडलं नाही.